वैनींच्या दारातल्या चपला

गाडीचा काटा खाली बसलेला दिसला की तुम्ही निर्धास्त होता ना? गाडी गार आहे, आता घाट चढायला हरकत नाही, असं मनाशी म्हणता ना? आष्ट्याच्या वैनींसमोर हे बोलला असतात, तर त्यांनी आधी तुम्हाला चपला काढून आत यायला सांगितलं असतं, मग बॉनेट उघडायला लावलं असतं, आणि मग चारचौघांत अशी हजेरी घेतली असती की पुन्हा कुठल्याच काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं धाडस तुम्हाला झालं नसतं.

चपला काढून, हे मी चुकून लिहिलेलं नाही. आष्ट्यातून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैनींचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पत्र्याची शेड, खाली शहाबादी फरशी, आणि दारात चपलांची रांग. नवखा माणूस लांबून बघून विचारायचा, आत कीर्तन चाललंय का. ट्रकचे ड्रायव्हर, दूधगाडीवाले, हळदीचे व्यापारी, सगळे अनवाणी. कुणी कुरकुरलं तर वैनी पाना खाली न ठेवता म्हणायच्या, "ह्यांची हत्यारं मांडल्याली हायत हितं. चप्पल बाहीर."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. आष्ट्यातले नावाजलेले वायरमन. ते कमी वयात गेले. जिवंत असताना त्यांना बॅटरी धरून दाखवायचं, वायर सोलून द्यायचं काम वैनी करायच्या. ते गेल्यावर त्या आतल्या अंगाला बसायच्या त्या बाहेर येऊन बसल्या, एवढाच काय तो बदल. नवऱ्याचा खाकी शर्ट नऊवारीवर चढवायच्या आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. पहिल्या दिवसांत लोक गाडी दाखवायला कमी आणि बाई बघायला जास्त येत. मग गाड्या दुरुस्त होऊन परत जायला लागल्या आणि बघे आपोआप गेले. गावाने त्यांना वैनी म्हणायला सुरुवात केली. त्याही प्रत्येक गिऱ्हाइकाला भावजी म्हणायच्या, मग तो वीस वर्षांचा असो की सत्तरीचा.

आमची आणि वैनींची ओळख आमच्या गाडीने करून दिली. त्यासाठी आधी आमचं घर सांगायला हवं. आम्ही रहिमतपूरचे. माझे वडील, अप्पा, आयुष्यभर हमालांसाठी, तोडणी कामगारांसाठी, पाण्यासाठी पत्रकं काढत आले. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आणि वाचायला शिकले ती पुढच्या बाजूवर. मला 'कमळ' हा शब्द यायच्या आधी 'निषेध' यायचा. घरातली जुनी पांढरी गाडी आमची कमी आणि पत्रकांची जास्त होती. मागच्या सीटवर गठ्ठे, त्यावर मी.

अशाच एका दुपारी आम्ही सांगलीला हळदीच्या पेठेतल्या हमालांच्या सभेला निघालो होतो. आष्ट्याच्या अलीकडे गाडीचा काटा सरसर वर गेला आणि लाल पट्ट्यावर जाऊन बसला. पंखा घोंगावत होता, थांबायचं नाव घेईना. अप्पांनी पहिल्या दिसलेल्या शेडसमोर गाडी उभी केली, उतरले, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"आवं भावजी, हात काढा," आतून आवाज आला. "तोंड भाजून घ्यायचं हाय व्हय?"

वैनी बाहेर आल्या. अनवाणी. रस्त्यावरच्या तापलेल्या खडीवर तशाच उभ्या राहिल्या. रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाला त्यांनी तळहात न लावता हाताची मागची बाजू लावली, लहान मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणाल्या, "गाडी रोजच्यासारखीच हाय. काटा खोटं बोलतोय."

अप्पांना सभेची घाई. ते म्हणाले, "मग त्या काट्याचं काही करू नका वैनी. सगळे करतात तसं पंखा डायरेक्ट करून टाका. चालू राहील कायम. आम्हाला सांगली गाठायचीय."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात एक बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. इंजिनातलं पाणी किती तापलंय हे तो ओळखतो आणि समोरच्या काट्याला कळवतो. आमच्या गाडीत पंखा कधी लावायचा हेही त्याच्याच सांगण्यावरून ठरायचं. तो बिघडला की आमच्याकडचे बरेच मिस्त्री त्याची वायर कापतात आणि पंख्याला थेट बॅटरीचा करंट जोडून देतात. म्हणजे डायरेक्ट. गाडी चालते. फक्त तिच्या पोटात काय चाललंय हे सांगणारं कुणी उरत नाही.

वैनींनी अप्पांकडे बघितलं, मागच्या सीटवरच्या गठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सांगणाऱ्याचं तोंड बांधायचं काम माझ्याकडं हुत न्हाई. घाई असली तर फुडं दुसरं दुकान हाय. न्हाईतर चपला काढा आनि बसा."

आम्ही चपला काढल्या.

पुढे जे झालं ते मी नंतर अनेकदा बघितलं, पण पहिल्यांदा बघितलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांनी सेन्सरवरचं सॉकेट उपटलं. काटा धपकन खाली आला. मग त्या वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. काटा पुन्हा वर. "वायर खरी हाय. काटा बी खरा हाय. मधला बडबडतोय," त्या म्हणाल्या. मग इंजिन निवेपर्यंत कुणाचं काही ऐकेनात. अप्पा अस्वस्थ होऊन फरशीवर फेऱ्या मारायला लागले आणि शेवटी राहवेना म्हणून त्यांनी हमालांसमोर करायचं भाषण तिथल्या एका दूधगाडीवाल्यासमोर सुरू केलं. दूधगाडीवाल्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग आता मी काय करायचं म्हंता?"

"त्यांचं ऐकायचं आनि दूध नासू द्यायचं," वैनी म्हणाल्या.

इंजिन निवल्यावर त्यांनी सेन्सर पान्याने सैल केला, झटक्यात बाहेर घेतला आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरून पाण्याची धार थांबवली. मग तिथे एक लाकडी खुंटी ठोकली आणि सेन्सर घेऊन स्टोव्हकडे गेल्या. स्टोव्हवर दोन टोप असायचे. एक चहाचा. दुसऱ्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला, तो सेन्सरचा. त्यात पाणी ठेवायचं, सेन्सर दोरीने लोंबकळत सोडायचा, मीटरच्या दोन सुया त्याला लावायच्या आणि पाणी तापत जाईल तसा मीटरवरचा आकडा उतरतो का बघत बसायचं. चांगल्या सेन्सरचा आकडा हळूहळू उतरत येतो. आमच्याचा जागचा हलला नाही. "बगा," वैनी म्हणाल्या, "उकळी फुटली तरी ह्येचं आपलं एकच तुणतुणं."

नवा सेन्सरही त्यांनी त्याच पाण्यातून काढला. दुकानातून आलेला नवाकोरा माल कशाला तपासता, असं अप्पांनी विचारलं, तर म्हणाल्या, "बोलतोय का न्हाई बगितल्याबिगर कसा बसवू? मुका जावई नगं." मग नवा तांब्याचा वायसर घालून त्यांनी तो बसवला, आटे मोडतील म्हणून बेताने आवळला, पाणी भरलं, हवा काढली आणि गाडी चालू करून काटा मध्यावर येईपर्यंत, पंखा आपणहून लागून आपणहून बंद होईपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही. सांगलीची सभा आम्ही पोचेपर्यंत जवळजवळ संपली होती. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. वाटेत अप्पा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. सांगणाऱ्याचं तोंड बांधायचं काम होत नाही.

पुढच्या पत्रकाचा मथळा काय असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. 'सांगणाऱ्याचं तोंड बांधू नका.' अप्पांनी कौतुकाने एक गठ्ठा आष्ट्याला नेऊन दिला. वैनींनी मथळा वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "माझं बोलणं छापलंसा. मला इचारलंसा का?" पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो गठ्ठा हत्यारांच्या पेटीखाली अंथरलेला. "कागद बरा हाय हो तुमचा, भावजी. ऑइल चांगलं पितो." त्या दिवसापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

मी मोठी झाले, गाडी चालवायला लागले, आणि सांगलीला जाता-येता आष्ट्याला थांबणं हा माझा नेम झाला. गाडीला काही झालेलं नसायचं. वैनींशी भांडायला थांबायचे. आमचं भांडण एकच होतं, चपलांवरून. मी म्हणायचे, वैनी, खाली वायरचे तुकडे असतात, स्क्रू असतात, तापलेले नट पडतात. ज्या कामात पाय शाबूत ठेवायला बूट घालायला हवेत त्या कामात तुम्ही नवऱ्याच्या आठवणीसाठी पाय उघडे टाकता. ही श्रद्धा नाही, हा बायकांच्या जिवाशी खेळ आहे. असं बरंच. मला बोलायला लागलं की पत्रकच यायचं तोंडातून.

वैनी ऐकून घ्यायच्या. एकदा मात्र त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला. "एक इचारू? तुज्या अप्पाचा पाय चुकून पत्रकावर पडला, तर काय करतो त्यो?"

अप्पा देव मानत नाहीत, पण कागदावर पाय पडला तर वाकून त्याला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. मीही नेते.

"मग?" वैनी म्हणाल्या. "तुमचा कागूद त्ये आमचा पाना. ज्येच्यावर पॉट भरतं त्येच्याम्होरं चप्पल घालून हुबं ऱ्हावत न्हाई गं. ह्ये काय मी ह्येंच्यासाठी करती असं न्हाई."

हा युक्तिवाद मला आजही खोडता येत नाही. आणि आज त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

वैनींना साखरेचा आजार होता. बरीच वर्षं. गुळाच्या पट्ट्यात राहून, दारात गुळाच्या गाड्या थांबत असताना, त्या बिनसाखरेचा चहा प्यायच्या आणि तो पिताना असं तोंड करायच्या की समोरच्याला आपल्या कपातली साखर चोरीची वाटावी. त्यांच्या पायांची आग व्हायची. संध्याकाळी काम संपलं की ट्यूबचं पंक्चर बघायच्या बादलीत दोन्ही पाय बुडवून बसायच्या. "आत कुनीतरी निखारं भरल्यात बग," म्हणायच्या. गोळ्या चालू होत्या. गोळ्या देणारे दर खेपेला साखर किती आली ते विचारत. पाय दाखवा, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. कामाने भेगाळलेले, ऑइलने काळे पाय. कोण बघणार? आपल्याकडे कष्ट करणाऱ्याच्या पायाला हात लावतात तो फक्त तो आडवा झाल्यावर.

मग एका वर्षी मी गेले तर बादली भिंतीला पालथी घातलेली. वैनी खुशीत. "पत्रकवाले, पायाची आग थांबली गं. शेजारनीनं कडुलिंबाचा रस लावायला दिला हुता. लय गुन आला. साडी नेसवली तिला." दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्या ही बातमी सांगत होत्या. प्रत्येकजण बरं झालं म्हणत होता. दूधगाडीवाला, जो एव्हाना घरचाच झाला होता, म्हणाला, "वैनी, त्यो रस माझ्या बायकूच्या तोंडाला लावा, तितं बी लय आग हाय." सगळे हसलो. वैनी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपंचमी होऊन गेली होती. मी सांगलीहून परतत होते आणि गाडीला एक करपट वास यायला लागला. काटा बघितला तर तळाशी. मी निवांत. आष्ट्याला पोचले तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

वैनींनी पाइपाला हाताची मागची बाजू लावली आणि चटका बसल्यासारखी काढली. "अगं, पेटलीय की गाडी. आनि पंखा बंद. काय बगत हुतीस?"

"काटा खालीच होता, वैनी. मला वाटलं गार आहे."

"काटा खाली म्हंजे गार न्हवं, बाई माझे. काटा खाली म्हंजे सांगणारा गेला. वर जाऊन बोंब मारतो त्यो बरा, आपुन थांबतो तरी. ह्यो गप बसणारा जीव घेतो." बॉनेट उघडं टाकून त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "निवू दे आता. तवर च्या कर."

चहा झाला. इंजिन निवलं. वैनींनी सॉकेट काढून वायर लोखंडाला टेकवली, तशी काट्याने उसळी घेतली. म्हणजे सेन्सरच मुका झाला होता. तो काढून त्या स्टोव्हकडे गेल्या, लाल दोऱ्याचा टोप ठेवला, परत गाडीकडे आल्या, मीटर घेऊन पुन्हा स्टोव्हकडे गेल्या. सकाळी धुतलेल्या फरशीवर त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर एक काळपट ओला ठसा उमटत होता. उजव्या पायाचा. एकाच पायाचा.

"वैनी, तुमच्या पायाला काहीतरी लागलंय."

"ऑइल आसंल."

मी वाकून बोट लावलं. ऑइल नव्हतं.

त्यांना स्टुलावर बसवून मी पाय मांडीवर घेतला. टाचेच्या पुढे, भेगेत, मांसात रुतून बसलेलं काहीतरी चमकत होतं. भोवतालचं सगळं सुजून निळं पडलं होतं आणि त्याला वास येत होता. वैनींनी चष्मा पुसला, पाय वळवून घेतला आणि स्वतःच्याच पायाकडे दुसऱ्याच्या गाडीकडे बघावं तसं बघितलं. मग दोन बोटांनी ते ओढून काढलं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. तांब्याचा वायसर होता. चिरलेला, एक टोक धारदार.

"ह्यो दूधगाडीचा," त्या म्हणाल्या. "निघंना म्हणून मीच कातरीनं कापला हुता. पर ती गाडी तर बेंदराच्या आदी आल्ती."

आषाढातला बेंदूर होऊन गेला होता, श्रावणातली नागपंचमीही होऊन गेली होती. तेवढे दिवस तो वायसर पायात घेऊन त्या उभ्या होत्या. टोपातलं पाणी आवाज करायला लागलं होतं. स्टोव्ह बंद करायचं भान दोघींनाही नव्हतं.

"पोरी, त्यो बारका स्क्रू ड्रायव्हर घे," वैनी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. "त्येची मूठ माझ्या तळव्याला लाव."

मी अंगठ्याखाली मूठ टेकवली.

"लाव की गं."

"लावलीय, वैनी."

"दुसरीकडं लाव."

मी मध्ये लावली. करंगळीपाशी लावली. दुसऱ्या पायाला लावली. जरा दाबली.

"लावलीस?"

"लावलीय."

त्यांनी डोळे उघडले आणि मूठ कुठे टेकलीय ते बघितलं. मग म्हणाल्या, "वायर तुटली गं. आनि मी शेजारनीला साडी नेसवली."

दूधगाडीवाल्याला बोलावून, त्याच्या गाडीत घालून आम्ही त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी सांगितलं की आग थांबली तेव्हा आजार गेला नव्हता, पायातली जाणीव गेली होती. तेव्हाच यायला हवं होतं. त्यांनी हे हळू आवाजात, बाहेर माझ्याशी बोलताना सांगितलं. पण वैनींना ते आत कळून चुकलं होतं. उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

मला माहीत आहे, आता मी ओरडायला हवं. मी पत्रकांच्या घरात वाढलेली आहे, मला ओरडता येतं. वर्षानुवर्षं गोळ्या देणाऱ्यांना मी विचारू शकते की तुम्ही आकडा बघितलात, पाय का नाही बघितलात. आणि मी ते विचारलंही आहे, जिथे विचारायचं तिथे. पण वैनींच्या खाटेपाशी बसल्यावर मला दुसरंच दिसत होतं. ज्या बाईने दुसऱ्यांच्या शेकडो गाड्यांत मुका झालेला तुकडा शोधून काढला, तिच्या पायात तोच मुका झाला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं अभिनंदन केलं. हे कुठल्या पत्रकात बसवायचं?

वैनी दुकानात परतल्या. स्टुलावर बसून काम करायच्या. पाइपाला हात लावायला वाकता येत नसे, तर गिऱ्हाइकाला सांगायच्या, भावजी, हाताची मागची बाजू लावा, तळवा न्हवं, आणि काय जाणवतं ते सांगा. दारात चपलांची रांग तशीच लागायची. पण आता एखादा चप्पल काढायला लागला की त्या आतून म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. घालून या." लोक अवघडायचे. जुनी माणसं तरीही काढायचीच.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेले होते. पाटावर हत्यारं मांडली होती. पाने, पक्कड, मीटर, लाल दोऱ्याचा टोप. हळदकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, धुऊन पुसून ठेवलेली, एक चप्पल. डाव्या पायाची. तिलाही हळदकुंकू लावलं होतं.

दूधगाडीवाला दारातच थबकला. "वैनी, पूजेत चप्पल?"

"हत्यार हाय त्ये बी," वैनी म्हणाल्या. "माझ्या ध्यानात लय उशिरा आलं, भावजी. तुमी हात जोडा."

त्याने हात जोडले. मी जोडले. मी इतकी वर्षं चपलांवरून भांडत होते आणि कागदावर पडलेल्या पायाच्या वैनींच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच शोधलं.

पूजा झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "तुज्या अप्पानं माझं बोलणं न इचारता छापलं. आता मी सांगती, एक पत्रक माझ्यासाठी छाप. आग थांबली म्हणून कुनी खूश होऊ नगा, एवढंच."

मी लिहून घेऊन आले. वाचून दाखवलं. सुरुवात 'श्रमिक बंधू-भगिनींनो' अशी होती, पुढे आरोग्यव्यवस्थेवर बरंच होतं. वैनींनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आवडलं. त्या म्हणाल्या, "खरं हाय सगळं. पर लय लांब हाय. सेन्सर तपासाय इतकं बोलावं लागत न्हाई. डोळं मिटाय सांगा. बोट लावा. इचारा. झालं."

मी बाकीचं खोडून तेवढंच ठेवलं. ते छापून यायच्या आत वैनी गेल्या. दुसरा पाय वाचवता वाचवता विष अंगात भिनलं. शेवटच्या दिवसांत त्यांना हात चोळलेलं आवडायचं. हाताला अजून कळायचं. मी पंजा हातात घेतला की न बघता म्हणायच्या, "पत्रकवाली आली. शाई लागलीय बोटाला."

दहावा सांगलीला कृष्णेच्या घाटावर होता. आष्ट्याची सगळी गाडीलाइन, ड्रायव्हरांपासून मिस्त्र्यांपर्यंत, आली होती. घाटाच्या वरच्या पायरीवर चपलांचा ढीग पडला. वैनींच्या दारात असायचा तेवढा, त्याहून मोठा. अप्पा आणि मी गठ्ठा घेऊन उभे होतो आणि वाटायचा कसा ते कळत नव्हतं. दहाव्याला आलेल्या माणसाच्या हातात पत्रक देणं बरं दिसत नाही. मग अप्पांनी गठ्ठा सोडला, खाली बसले आणि एकेका चपलेत एकेक कागद ठेवायला लागले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कागदाला पाय लागू दिला नाही, तो चपलेत कागद ठेवत होता. मीही बसले.

विधी उरकून माणसं वर आली. प्रत्येकाने आपल्या चपलेतला कागद उचलला, कपाळाला लावला, आणि मग वाचला. दूधगाडीवाला तिथेच पायरीवर बसला. शेजारी त्याची म्हातारी आई होती. त्याने तिला काहीतरी सांगितलं. तिने डोळे मिटले.

तो कागद तुमच्यापर्यंत पोचलेला नाही, म्हणून इथे लिहिते. तुमच्या घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल, तर आज त्यांच्यापाशी बसा. त्यांना डोळे मिटायला सांगा. पायाच्या एकेका बोटाला आपलं बोट अलगद टेकवा आणि दर वेळी विचारा, कळलं का. तळवे वळवून बघा, भेगा, जखमा, रंग. उत्तर आलं नाही, किंवा काही वेगळं दिसलं, तर उद्यावर टाकू नका, पाय डॉक्टरांना दाखवा. आणि ते म्हणाले की हल्ली पाय अगदी दुखत नाहीत, तर बरं झालं असं म्हणू नका. आधी बोट लावून बघा.